अहमदाबादच्या स्पर्धा आणि हजेरीच्या वहीतलं नाव

प्रश्न असा आला आहे: "मी बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला एका व्यायामशाळेत मुलामुलींना धावणं शिकवतो. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या तेव्हा आम्ही पेढे वाटले. आता गप्पांत कतारच्या मजुरांचा, दिल्लीच्या झोपडपट्ट्यांचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हक्कांची भाषा करणाऱ्यांना देशाचं कौतुकच नाही. दुसरा म्हणतो, असल्या स्पर्धाच नकोत. यांतलं एकच निवडावं लागतं का? आणि माझ्यासारख्याने आत्ता करण्याजोगं काही आहे का?"

पेढे वाटलेत ते योग्यच केलंत. ज्या गावात जुम्मादादांचा आखाडा अजून माती राखून आहे, तिथे अशा बातमीचा आनंद व्हायलाच हवा. मी गेली २८ वर्षं इथल्या कामगार न्यायालयात बांधकाम मजुरांचे खटले चालवते आहे. थकलेली मजुरी, अपघाताची भरपाई, साइटवर जीव गेलेल्या माणसाचं नाव कागदावर आणण्याची झटापट, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर देते ते वकिलाच्या बाजूने आणि मजुराच्या बाजूने. खेळाच्या विरोधात मी नाही.

निवड करावी लागत नाही. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. अशा स्पर्धांमध्ये माणसांचे हक्क जातात ते उद्घाटनाच्या संध्याकाळी नाही. ते आधीच्या चार-पाच वर्षांत जातात, अगदी आवाज न करता: निविदेत एखादी अट घालायची राहून जाते, वस्तीच्या सर्वेक्षणात चार गल्ल्या सुटतात, हजेरीच्या वहीत नाव चढत नाही. २०२९ साल उजाडेल तेव्हा हळहळ करणं आणि भरपाई मागणं एवढंच हातात उरेल. म्हणून तुमच्या प्रश्नातला "आत्ता" हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

फारसं कुणाला आठवत नाही, पण किमान वेतनाबद्दल आपल्या देशातला सर्वांत ठाम निकाल एका क्रीडास्पर्धेमुळेच लागला. १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झालं. त्यासाठी स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेलं, खेळाडूंची वसाहत असं सगळं एकदमच बांधायला काढलं होतं आणि मजूर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून जमादारांमार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या दलालांमार्फत, आणले होते. तेव्हा किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार पैसे जमादाराच्या हातात ठेवायचा, जमादार माणशी रुपया कापून घ्यायचा आणि मजुराला ८ रुपये २५ पैसे मिळायचे. बायकांच्या हातात ७ रुपये पडायचे. १४ वर्षांखालची पोरंही कामाला होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन अभ्यासकांना साइटवर पाठवून पाहणी करून घेतली आणि जे दिसलं ते न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहून कळवलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं.

सरकारची बाजू आजही आमच्या कोर्टात रोज ऐकू येते तीच होती: मजूर आमचे नाहीत, कंत्राटदाराचे आहेत. १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्यायालयाने ती मोडीत काढली. ज्याच्यासाठी काम चाललं आहे त्या मुख्य मालकाला जबाबदारी झटकता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करवून घेणं ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदातली वेठबिगारीच आहे, असं ठरवलं. माणूस आपल्या पायांनी कामावर आला असला तरीही. भुकेने त्याला तिथे आणलं असेल तर ती सक्तीच, असा तो विचार आहे. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी हा निकाल वाचला आणि पुढे कुठल्या बाजूने उभं राहायचं याचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा निकाल हातात असताना २०१० ला दिल्लीत पुन्हा तेच कसं झालं? झालं खरं. राष्ट्रकुल स्पर्धांच्या कामांवर मजुरांना किमान वेतन मिळत नाही, राहायला पत्र्याची कोंदट खुराडी आहेत, नोंदणी नाही, ही तक्रार त्याच संघटनेला पुन्हा न्यायालयात न्यावी लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने माजी राजदूत अरुंधती घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीला तक्रारींत तथ्य आढळलं. पण तोवर २०१० चा मार्च आला होता आणि स्पर्धा ऑक्टोबरात होत्या. दिवसरात्र पाळ्या लावून काम उरकायची घाई सुरू झाली होती. उद्घाटनाला दोन आठवडेही राहिले नव्हते तेव्हा नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि वीसहून अधिक मजूर जखमी झाले. उशीर झाला की आधी हक्क कापले जातात आणि मागोमाग सुरक्षितता. साइटवरचा कुठलाही जुना मिस्त्री तुम्हाला हे सांगेल.

तेच ते पुन्हा होतं याचं मूळ कायद्याच्या अभावात नाही. ते साखळीत आहे. मोठ्या कंपनीला काम मिळतं. ती सेंटरिंग एकाला, सळई बांधायचं काम दुसऱ्याला, प्लॅस्टर तिसऱ्याला देते. तो पुढे लेबर ठेकेदाराला देतो, ठेकेदार मुकादमाला. मुकादम दाहोद, छोटाउदेपूर किंवा सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरहून टोळी घेऊन येतो. दिवाळीच्या आधी किंवा लग्नसराईच्या तोंडावर त्याने घराघरांत उचल दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत माणूस साइट सोडून जाऊ शकत नाही. मजुरी मोजतात ती बहुतेक ठिकाणी "जोडी"वर, म्हणजे नवराबायको मिळून एक आकडा, आणि तो नवऱ्याच्या हातात. बाईने दिवसभर घमेली वाहिली तरी वहीत तिचं वेगळं नाव नसतं. या सगळ्या पायऱ्या उतरत उतरत जबाबदारी खाली येते, आणि अगदी तळाला पोचते तेव्हा तिथे सापडतो तो मुकादम, त्याच गावचा, बहुतेकदा मजुराचाच मेहुणा नाहीतर चुलतभाऊ. त्याच्यावर दावा लावून मिळणार काय?

माझ्याकडचं एक प्रकरण सांगते. नावं सांगत नाही. आमच्याच जिल्ह्यातली एक साइट. चौथ्या मजल्यावर स्लॅबच्या सेंटरिंगवरून एक तरुण पडला आणि गेला. ठेकेदाराने न्यायालयात सांगितलं की हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच, भावाला भेटायला आला होता. हजेरीची वही आणली, तिच्यात खरंच त्याचं नाव नव्हतं. पण वहीत त्या महिन्याची सगळी पानं एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेली होती. हे मी दाखवून दिलं तरी तेवढ्यावर निकाल लागत नसतो. आम्हाला तारलं ते मुकादमाच्या मोबाइलने. रोज सकाळी आठच्या सुमारास मुकादम सगळ्या टोळीला उभं करून फोटो काढतो आणि ठेकेदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आज किती माणसं आली ते कळावं म्हणून. त्या तरुणाचे सलग ४१ दिवसांचे फोटो निघाले, हेल्मेटशिवाय, मागे तीच इमारत. भरपाई मिळाली, पण तोवर चार वर्षं लोटली होती आणि त्याच्या बायकोने दुसऱ्या साइटवर घमेली उचलायला सुरुवात केली होती. तेव्हापासून प्रत्येक टोळीला मी एवढं एकच सांगते: तो सकाळचा फोटो फक्त मुकादमाकडे राहू देऊ नका, टोळीतल्या दोघांच्या मोबाइलमध्येही असू द्या.

बांधकाम मजुरांसाठी पैसा नाही असं नाही, हेही लोकांना ठाऊक नसतं. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर साधारण एक टक्का उपकर घेतला जातो, तो कल्याण मंडळाकडे जातो आणि त्यातून नोंदणी झालेल्या मजुराला बाळंतपण, आजारपण, मुलांचं शिक्षण, मृत्यू यांसाठी मदत मिळायची असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हिशेब आला तेव्हा देशभरात ३७,४०० कोटी रुपये जमा झाले होते आणि खर्च झाले होते जेमतेम ९,५०० कोटी. बाकीचा पैसा पडून होता. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला द्यायला ठेकेदार कां कू करतो, कारण दाखला दिला म्हणजे माणूस आपल्याकडे होता हे कबूल केलं. गुजरातेत नोंदणी झाली की ई-निर्माण कार्ड मिळतं. कडिया नाक्यावर, म्हणजे मजूर सकाळी कामासाठी उभे राहतात त्या चौकात, ते दाखवून श्रमिक अन्नपूर्णा योजनेत ५ रुपयांत जेवण मिळतं, म्हणून काही जण निदान जेवणासाठी तरी कार्ड काढतात. ते चांगलंच आहे. कार्ड कोणत्या कारणाने निघालं याला महत्त्व नाही, ते खिशात असलं पाहिजे.

नव्या कायद्यांचं काय, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने बरेच कायदे त्यांत विलीन झाले. त्यांतली एक गोष्ट मला मनापासून आवडली: प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायलाच हवं. माझ्या वकिलीतले निम्मे खटले असं पत्र नसल्यामुळेच उभे राहिले. दुसरी गोष्ट काळजीची आहे. पूर्वी कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदी २० माणसं असली की लागू व्हायच्या, आता ५० लागतात. लहान ठेकेदारांच्या टोळ्या पंधरा-वीस, फार तर तिसाच्या असतात. म्हणजे ज्या पायरीवर पिळवणूक सगळ्यात जास्त, तीच पायरी बाहेर राहण्याची भीती आहे. आणखी एक बारकावा. अलीराजपूरचा भिल्ल हा परराज्यातून आलेला स्थलांतरित कामगार ठरतो, त्याला गावी जाण्या-येण्याच्या खर्चाचा हक्क आहे. त्याच्याशी सोयरीक असलेला दाहोदचा भिल्ल मात्र राज्यातलाच, त्याला तो नाही. टोळी एक, पत्रा एक, चूल एक, आणि कायद्यात मात्र दोन रांगा. म्हणून अशा गोष्टी संहितेवर न सोडता निविदेच्या अटींतच लिहून घ्यायच्या असतात.

२०२२ चा फुटबॉल विश्वचषक भरवणाऱ्या कतारबद्दल तुमचे मित्र मजुरांच्या मृत्यूंचा जो ६,५०० चा आकडा सांगत असतील, तो वापरताना जपून. भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका इथले तेवढे लोक २०१० नंतरच्या दशकात कतारमध्ये मरण पावले, असं ब्रिटनच्या एका वृत्तपत्राने २०२१ मध्ये दाखवून दिलं. त्यांत सगळ्या प्रकारची कामं करणारे आले, ते सगळे स्टेडियमवरचे मजूर नव्हते. आकडा चुकीचा सांगितला की समोरच्याला सगळंच खोटं ठरवायला सोपं जातं, मी हे कोर्टात शिकले आहे. खरी भयंकर गोष्ट आकड्याच्या आत आहे. यांतल्या कितीतरी तरुण, धडधाकट माणसांच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण "नैसर्गिक" असं लिहिलं होतं आणि शवविच्छेदन झालंच नव्हतं. एकदा नैसर्गिक लिहिलं की भरपाई संपली. उन्हात दहा तास काम करून रात्री खोलीत झोपलेला तिशीतला माणूस सकाळी उठत नाही, हे नैसर्गिक कसं?

पुढे कतारने नियम बदलले. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायला मुभा मिळाली, १,००० रियाल किमान वेतन ठरलं, आणि १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आली. हे सगळं पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही. पण यजमानपद मिळाल्यापासून स्पर्धेपर्यंतची बारा वर्षं जगाने नजर काढली नाही म्हणून एवढं तरी झालं.

अहमदाबादला हा धडा थेट लागू पडतो. २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक माणसं जास्त मेली, आणि त्यातून २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा तयार झाला, दक्षिण आशियातला पहिला. २०१६ च्या मेमध्ये पारा ४८ अंशांवर गेला होता. मोटेऱ्याच्या परिसरातली मैदानं आणि इमारती याच उन्हाळ्यांत उभ्या राहणार आहेत. आराखडा आहे, माणसं आहेत, अनुभव आहे. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचं काम बंद, सावलीची शेड, मीठ-साखरेचं पाणी, आणि साइटवर किंवा साइटच्या खोलीवर झालेल्या प्रत्येक मृत्यूचं शवविच्छेदन, या चार अटी कंत्राटातच घातल्या तर किती जीव वाचतील! शेवटच्या अटीबद्दल मी हट्टी आहे, त्याला कारण आहे. अलीराजपूर, झाबुआ, धारची माणसं गोधरा-बालासिनोरच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत काम करून छातीत सिलिका, म्हणजे दगडाची बारीक धूळ, भरून घेऊन गावी परतली आणि तिथे खोकून खोकून मेली. कुठे काम केलं याचा कागद कुणाकडे नव्हता. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला लावले, पण तोवर एका पिढीच्या विधवा म्हाताऱ्या व्हायला आल्या होत्या. स्पर्धांच्या कामावर माणसं येतील तीही बरीचशी याच गावांतून.

हे सगळं पाळणं कुणाला जमतं का? जमतं. लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकचं पार्क बांधलं तेव्हा हजारो माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि बांधकामात एकही मजूर दगावला नाही. कामगार संघटनांशी आधी बोलणी झाली होती, साइटवरच डॉक्टर आणि तपासणीची सोय होती. पॅरिसनेही २०२४ च्या आधी, २०१८ मध्येच, कामगार संघटनांबरोबर सामाजिक सनदेवर सह्या केल्या. तरीही कागदपत्रं नसलेले स्थलांतरित मजूर तिथल्या साइटवर सापडलेच, म्हणजे सनद करून मोकळं होता येत नाही, मागे लागून तपासावंच लागतं. तुम्ही धावपटू तयार करता. वेळापत्रक आधी आखलं तर दुखापत टळते आणि स्पर्धेच्या तोंडावर सराव दुप्पट केला की स्नायू फाटतो, हे तुम्हाला मी काय सांगणार?

घरांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण मजुरीच्या बाबतीत कायदा निदान स्वच्छ आहे. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकच्या वेळी घरांच्या हक्कांवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज १५ लाख विस्थापितांचा होता. रिओमध्ये व्हिला ऑतोद्रोमो नावाच्या वस्तीत शेकडो कुटुंबं होती, लढून लढून शेवटी वीसच राहिली. दिल्लीत २०१० च्या निमित्ताने वस्त्या उठल्या, फेरीवाले हटवले गेले, आणि अनुसूचित जातींसाठी राखलेल्या योजनेचे शेकडो कोटी रुपये स्पर्धेकडे वळवल्याचं संसदेत सरकारलाच मान्य करावं लागलं.

पण आपल्याला उदाहरण शोधायला एवढं लांब जायला नको. साबरमतीचा रिव्हरफ्रंट झाला तेव्हा नदीकाठच्या १० हजारांहून अधिक कुटुंबांचा प्रश्न होता. वस्तीतले लोक संघटित होऊन २००५ मध्ये उच्च न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, आणि त्या जोरावर हजारोंना पक्की घरं मिळाली. मात्र अनेकांना मधल्या काळात "तात्पुरतं" म्हणून पिराणाच्या कचऱ्याच्या डोंगराजवळ गणेशनगरला नेऊन टाकलं, आणि ते तात्पुरतं वर्षानुवर्षं चाललं. घर मिळालं की नाही हे ठरलं सर्वेक्षणाच्या यादीवरून. ज्या दिवशी सर्वेक्षक आला त्या दिवशी कामावर गेलेली बाई यादीत नाही. भाड्याने राहणारा यादीत नाही. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेला मुलगा बापाच्याच नावात. हजेरीच्या वहीचं दुखणं इथेही तेच आहे.

कायद्याबाबत एक गैरसमज दूर करते, कारण मला आठवड्यात दोनदा तरी कुणीतरी हे विचारतं. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरबद्दल निकाल दिला आणि पाडकामाच्या आधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. लोकांना वाटतं आता सगळ्यांनाच संरक्षण मिळालं. तसं नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेच्या कडेची किंवा नदी-तलावाकाठची जागा यांवरची अनधिकृत बांधकामं त्या निकालातून वगळली आहेत, आणि गरिबाची झोपडी नेमकी तिथेच असते. त्यांच्यासाठी आधार घ्यायचा तो जुन्याच निकालांचा. १९८५ चा ओल्गा टेलिस खटला, ज्याने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. आणि २०१० चा दिल्ली उच्च न्यायालयाचा सुदामा सिंग निकाल, ज्याने हटवण्याआधी सर्वेक्षण आणि लोकांशी खरीखुरी चर्चा व्हायलाच हवी असं सांगितलं. हे निकाल आपोआप लागू होत नाहीत, कुणीतरी जेसीबी येण्याआधी ते घेऊन न्यायालयात जावं लागतं. जेसीबी आल्यानंतरचा फोन मला नको असतो. तेव्हा मी फक्त रडू शकते.

गुजरातपुरती आणखी एक अडचण आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा होता. राज्याने २०१६ च्या दुरुस्तीने पायाभूत सुविधांसह अनेक प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट द्यायची वाट मोकळी केली. म्हणजे स्टेडियमसाठी, रस्त्यासाठी जमीन घेताना इथे कोण राहतं, कोण कसतं, कोण टपरी चालवतं याची मोजणी कायद्याने करावीच लागेल असं राहिलं नाही. सक्ती नाही म्हणून मनाईही नाही. आयोजकांनी स्वतःहून ती करावी ही मागणी आत्ता, नकाशे कच्चे असतानाच करता येते.

फेरीवाल्यांचं थोडक्यात. २०१४ चा कायदा त्यांच्या बाजूने चांगला आहे. सर्वेक्षण पुरं झाल्याशिवाय हटवता येत नाही, प्रमाणपत्र असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते, आणि शहर समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे असावे लागतात. मोठा पाहुणा येणार म्हटलं की पहिला हातोडा भजीच्या गाडीवर पडतो, म्हणून प्रमाणपत्रं आधी काढून ठेवावीत.

तुमच्याशी थेट संबंध असलेली बाजू खेळाडूंची. तुमच्या हाताखालच्या मुलींना २०३० हे स्वप्न दाखवताना त्यांना हेही माहीत असू द्या की प्रशिक्षक, निवड समिती, शिबिराचा व्यवस्थापक यांपैकी कुणीही त्रास दिला तर तक्रार कुठे करायची. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित खेळाचं धोरण, खेळाडूंची समिती आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. तुमच्या जिल्हा संघटनेत तक्रार समिती आहे का, तिच्यात बाहेरची बाई आहे का, तिचा नंबर मैदानावर लावला आहे का, हे या महिन्यात विचारा. शिबिरात मुलींच्या खोलीची चावी कुणाकडे असते, हा प्रश्न विचारायला संकोचू नका. पालक संकोचतात, म्हणून प्रशिक्षकाने विचारायचा.

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या घोषणांवर माझा फार भर नाही, पण त्या निरुपयोगीही नाहीत. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, २०१७ मध्ये मानवी हक्कांचं धोरण स्वीकारलं. राष्ट्रकुल क्रीडा महासंघाचंही तसं धोरण आहे, आणि २०१४ च्या ग्लासगो स्पर्धांच्या आयोजकांनी आपलं धोरण आधीच छापून जाहीर केलं होतं. ऑलिंपिकच्या सनदेत मानवी हक्कांचा स्पष्ट उल्लेख आला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि तो ठराव झाला मुंबईच्या अधिवेशनात. त्याच अधिवेशनाच्या उद्घाटनात भारताने २०३६ च्या ऑलिंपिकची इच्छा जाहीर केली. आता हे लिहिलेले शब्द आहेत. ऑलिंपिक मागणाऱ्या शहराला २०३० कसं पार पाडलं हे दाखवावंच लागणार. आपल्या मागणीला बळ आहे ते इथे. मजुरांना पगारपत्रक द्या म्हणणारा माणूस देशाच्या आड येत नाही, तो २०३६ चा अर्ज भक्कम करतो, हे तुमच्या पहिल्या मित्राला नक्की सांगा. आणि दुसऱ्याला सांगा की स्पर्धा रद्द करा म्हटल्याने कडिया नाक्यावरच्या माणसाला काम मिळत नाही. त्याला काम हवंच आहे. पूर्ण दामाचं हवं आहे.

करायचं काय, तर मी तुमच्या जागी असते तर माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज लिहिला असता. स्पर्धेच्या कुठल्याही एका बांधकामाच्या निविदेतल्या कामगारविषयक अटींची प्रत मागा: किमान वेतन बँकेत जमा करण्याची अट आहे का, पोटकंत्राटदारांची यादी जाहीर करणार का, मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे का, कल्याण मंडळाचा उपकर भरला का. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अशा अर्जावर खेळ शिकवणाऱ्या माणसाची सही असली की तिला वेगळं वजन येतं. आमच्यासारख्यांच्या सह्या ते ओळखतात.

आणि एक दिवस माझ्याबरोबर या. छोटाउदेपूर, अलीराजपूरकडची गाडी प्रतापनगरला येते, तिथून टोळ्या बोचकी डोक्यावर घेऊन उतरतात. काही इथेच नाक्यावर उभ्या राहतात, काही अहमदाबादच्या बसला लागतात. बस सुटायच्या आधी आम्ही तिथे बसून प्रत्येकाला एक खिशात मावणारी वही देतो. पहिल्या पानावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव वेगवेगळं लिहितो, मुकादमाचं नाव, ठेकेदाराचं नाव, साइटचा पत्ता लिहायला जागा ठेवतो, आणि आतल्या पानांवर तारखांचे चौकोन आखून देतो. ज्याला लिहिता येत नाही तो चौकोनात रेघ ओढतो. चौकोन आखायला माणसं कमी पडतात. तुमच्याकडची दहावी-बारावीची मुलं सरावानंतर तासभर बसली तर एका आठवड्यात दोनशे वह्या होतील.